भाड्याच्या घराचा विमा: अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलामुलींना खुलं पत्र

प्रिय मुलामुलींनो,

येत्या ऑगस्टात तुम्ही अमेरिकेत एमएसला निघालात. घरात बॅगांचं वजन रोज एकदा काट्यावर होत असेल. आईने भाजणी दळून आणली असेल, कुकरच्या जास्तीच्या रिंगा घेऊन ठेवल्या असतील. सीनियरांनी ग्रुपवर टाकलेली यादी तुम्ही चार वेळा वाचली असेल: बँकेचं खातं कुठलं, सिमकार्ड कुठलं, गादी कुठे स्वस्त मिळते, थंडीचं जॅकेट इथून न्यावं की तिथे घ्यावं. मी २००९ साली सांगलीहून ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या गावी गेले, तेव्हा माझ्याकडेही अशीच यादी होती. ईमेलवर आलेली, प्रिंट काढून पासपोर्टच्या पाकिटात घातलेली. त्या यादीत भाड्याच्या घराच्या विम्याची ओळ नव्हती. तुमच्या यादीत ती असावी, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तिथे त्याला रेंटर्स इन्शुरन्स म्हणतात. घर मालकाचं, सामान भाडेकरूचं, आणि विमा भाडेकरूने स्वतःसाठी घ्यायचा. महिन्याला साधारण १५ ते २० डॉलर पडतात, गाव कुठलं आणि रक्कम किती यावर थोडं कमी-जास्त. आम्ही गेलो तेव्हा तो बारा डॉलरला मिळत होता. मी लायब्ररीत तासाला आठ डॉलरवर काम करायचे, म्हणजे दीड तासाची कमाई. लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, सही करताना ऑफिसातल्या बाईंनी एका कागदावर बोट ठेवलं होतं. ‘भाडेकरूने स्वतःचा विमा घ्यावा असं आम्ही सुचवलं आहे’ अशी ती ओळ होती. आम्ही चौघींनी तिच्यापुढे आपापली आद्याक्षरं लिहिली आणि बाहेर आल्यावर आपसात म्हणालो, आपल्याकडे आहे काय जाण्यासारखं? दोन बॅगा, एक लॅपटॉप, कुणीतरी सोडून गेलेली गादी.

हा प्रश्नच चुकीचा होता. तो का चुकीचा होता हे सांगायला मला एका संध्याकाळपाशी जावं लागेल.

२०१० ची दिवाळी ५ नोव्हेंबरला होती, शुक्रवारी. गुरुवारी संध्याकाळी आमच्यातली एक जण चकल्या तळत होती. सोऱ्या तिने बॅगेत घालून भारतातून आणलेला. स्टोव्ह विजेचा, लाल होणाऱ्या वेटोळ्यांचा. गॅससारखा तो बंद केल्या केल्या थंड होत नाही, हे अंगवळणी पडायला वर्ष लागतं. तळणाचं भांडं पातळ बुडाचं होतं. पहिला घाणा निघाला, आम्ही खाल्ला, दुसरा सोडायच्या आधी तिच्या घरून फोन आला. तिकडे दिवाळीची पहाट होत होती. आईशी दोन मिनिटं बोलते म्हणून ती आतल्या खोलीत गेली. तेल स्टोव्हवर राहिलं.

स्वयंपाकघराबाहेर छताला धुराचा अलार्म होता. त्यावर आम्हीच प्लास्टिकची शॉवर कॅप चढवली होती, कारण रोजच्या फोडणीला तो ओरडायचा आणि शेजारी दार वाजवायचे. त्यामुळे तो त्या संध्याकाळी वाजला नाही. मला आधी वास आला. मी वळून पाहिलं तेव्हा भांड्यातून ज्वाळा वर चढत होत्या. दुसरीने धावत जाऊन त्यावर पाण्याचा जग ओतला. पेटलेल्या तेलावर पाणी टाकलं की ते तेल उसळून चारी बाजूंना उडतं, हे आम्हाला चौघींनाही शाळेत कधीतरी शिकवलेलं होतं. त्या क्षणी कुणालाच आठवलं नाही. वरचं लाकडी कपाट पेटलं. पाणी ओतणारीचा हात मनगटापर्यंत भाजला. आम्ही बाहेर पळालो.

तुमच्यापैकी बहुतेक जण स्लॅबच्या घरात वाढलेले आहात. आपल्याकडे विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंतीत आग एका खोलीत बरीचशी अडते, आणि वरच्या मजल्यावर बादली सांडली तर खालच्याला कळतही नाही. तिथली विद्यार्थ्यांची दोन-तीन मजली अपार्टमेंटं बहुतेक लाकडाच्या सांगाड्यावर उभी असतात. भिंती जिप्समच्या, मजल्याची जमीनही फळ्यांची, वर कार्पेट. आग भिंतीच्या पोकळीतून चढते, आणि ती विझवायला मारलेलं पाणी खालच्या घरात उतरतं. अग्निशमन दल काही मिनिटांत आलं आणि त्यांनी आग स्वयंपाकघराबाहेर जाऊ दिली नाही. पण त्यांनी मारलेलं पाणी आमच्या जमिनीतून खालच्या घराच्या छतात शिरलं आणि ते छत खाली आलं.

खाली एक कोरियन पीएचडी विद्यार्थी, त्याची बायको आणि सात-आठ महिन्यांचं बाळ राहत होतं. बाळाचा पाळणा, त्याची पुस्तकं, दोन संगणक, सगळं ओल्या जिप्समच्या लगद्याखाली गेलं. पार्किंगमध्ये आम्ही चौघी चपलांवर उभ्या होतो, अंगावर घरातले कपडे, हवेत गारठा. तो दहा पावलांवर उभा राहून फोनवर बोलत होता. त्याच्याकडे विमा होता. कंपनीने त्याला सांगितलं, जवळचं हॉटेल घ्या आणि पावत्या जपून ठेवा. तो आमच्याशी एक वाकडा शब्द बोलला नाही. उलट त्याच्या बायकोने गाडीतून एक ब्लँकेट काढून भाजलेल्या मैत्रिणीच्या खांद्यावर टाकलं. तो क्षण मला आजही जड जातो.

आम्हाला रेड क्रॉसने दोन रात्रींच्या हॉटेलपुरते पैसे दिले. नंतर गावातल्या एका मराठी कुटुंबाने आपलं तळघर उघडून दिलं, तिथे आम्ही सतरा दिवस राहिलो. माझा लॅपटॉप धुराने गेला. एकीचे सगळे गरम कपडे गेले. हे सगळं आम्ही सोसलं, कारण ते सोसण्यासारखं होतं. खरी गोष्ट फेब्रुवारीत सुरू झाली.

फेब्रुवारीत आमच्या चौघींच्या नावाने दोन पत्रं आली. एक इमारतीच्या मालकाच्या विमा कंपनीकडून, एक खालच्या शेजाऱ्याच्या विमा कंपनीकडून. दोघांनी आपापल्या ग्राहकाला भरपाई दिली होती आणि ती आता आमच्याकडून मागत होते. याला तिथे सबरोगेशन म्हणतात. विमा कंपनी आधी आपल्या माणसाला पैसे देते आणि मग ज्याच्या चुकीमुळे नुकसान झालं त्याच्या मागे लागते. दोन्ही पत्रांतली रक्कम मिळून अठ्ठावीस हजार डॉलर होती. तेव्हा डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता. साडेबारा लाखांच्या वर. आमच्यातल्या प्रत्येकीच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज होतं. चकल्या तळणारीच्या बाबांनी तर शेत तारण ठेवलं होतं.

म्हणून म्हणते, तुमच्याकडे जाण्यासारखं काय आहे हे मोजू नका. तुमच्या हातून दुसऱ्याचं काय जाऊ शकतं ते मोजा. रेंटर्स पॉलिसीचा सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे, आणि विद्यार्थी नेमका तोच वाचत नाहीत. त्याला लायबिलिटी म्हणतात. तुमच्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं, कुणी तुमच्या घरात पडून जखमी झालं आणि त्याने दावा लावला, तर कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे भरते आणि तुमच्या बाजूने वकीलही तीच देते. साध्या पॉलिसीतही ही मर्यादा सहसा एक लाख डॉलर असते. थोडेच जास्त डॉलर भरले तर ती तीन लाखांपर्यंत जाते. गॅलरीतून चिडून कुणी काही फेकलं, मुद्दाम काही जाळलं, तर विमा नाही. पण विसरणं, डुलकी लागणं, आईचा फोन येणं, हे सगळं निष्काळजीपणात येतं आणि निष्काळजीपणा विम्यात बसतो. आमच्याकडे बारा डॉलरची ती पॉलिसी असती, तर ती दोन्ही पत्रं आम्ही कंपनीकडे पाठवली असती आणि परीक्षेचा अभ्यास केला असता.

त्याऐवजी आम्ही विद्यापीठाच्या विद्यार्थी कायदा सेवेत गेलो. पुष्कळ सरकारी विद्यापीठांत ही सोय असते आणि फी अगदी थोडी असते, हे लक्षात ठेवा. तिथल्या वकीलबाईंनी आमची लीज काढून आम्हाला एक कलम दाखवलं. चौघी मिळून जबाबदार, आणि प्रत्येक जण एकटीसुद्धा पूर्ण रकमेला जबाबदार. म्हणजे तळण कुणाचं होतं, पाणी कुणी ओतलं, मी त्या वेळी काय करत होते, याने काही फरक पडत नव्हता. तिघी भारतात निघून गेल्या असत्या तर चौथीकडून सगळे पैसे मागता आले असते. अमेरिकेत याबाबत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. १९७५ साली ओक्लाहोमातल्या एका खटल्यात न्यायालयाने म्हटलं की मालकाच्या आगीच्या विम्यात भाडेकरूही धरला पाहिजे, मग कंपनी त्याच्यावर उलटू शकत नाही. काही राज्यांनी ते मानलं, काहींनी नाही मानलं, काही ठिकाणी लीजमधल्या शब्दांवर सगळं ठरतं. आणि जिथे मानलं आहे तिथेही ते मालकाच्या इमारतीपुरतं. शेजाऱ्याच्या पाळण्याला ते लागू नाही.

सहा महिने पत्रव्यवहार चालला आणि शेवटी अकरा हजारांवर तडजोड झाली. चकल्या तळणारी मैत्रीण म्हणाली, सगळे मी देते. आम्ही ऐकलं नाही. बऱ्याच रडारडीनंतर तिने निम्मे घेतले, उरलेले आम्ही तिघींनी वाटून घेतले. साडेपाच हजार डॉलर तिने महिन्याला शंभरप्रमाणे फेडले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती चेक लिहायची, पाकिटावर तिकीट लावायची आणि चेकबुकाच्या मागच्या पानावर एक रेघ मारायची. साडेचार वर्षं. तिने हे घरी सांगितलं ते शेवटचा चेक गेल्यानंतर. तोवर दर दिवाळीला आई फोनवर विचारायची, चकल्या केल्यास का गं, आणि ती हो म्हणायची.

अमेरिकेत घरांना लागणाऱ्या आगींचं पहिल्या क्रमांकाचं कारण स्वयंपाक हेच आहे. स्वयंपाकाच्या आगी वर्षभरात सगळ्यात जास्त लागतात त्या थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या दिवशी, म्हणजे हे काही आपल्या तळणीचंच वैशिष्ट्य नाही. तरी तेल तापत असताना तिथून हलू नका, भांड्याचं झाकण हाताशी ठेवा, पेटलं तर झाकण घालून स्टोव्ह बंद करा. आणि अलार्मवर काहीही चढवू नका. वाजतो तर वाजू दे, खिडकी उघडा.

आता तुमच्या सामानाचं. एका कागदावर खरोखर लिहून काढा. लॅपटॉप, फोन, हेडफोन, मॉनिटर, जॅकेट, बर्फातले बूट, गादी, टेबल, खुर्ची, सायकल, कुकर, भांडी, चष्मा, कपडे. जे आज नव्याने घ्यायला लागेल त्याची किंमत पुढे लिहा. पहिल्या वर्षाच्या शेवटी हा आकडा पाच-सहा हजार डॉलरच्या घरात सहज जातो. पॉलिसी घेताना कंपनी तुम्हाला विचारेल की भरपाई घसारा वजा करून हवी की नव्या वस्तूच्या किमतीची. दुसरा पर्याय घ्या. तीन वर्षं जुन्या लॅपटॉपची घसारा वजा जाता किंमत म्हणजे त्याच्या चार्जरचे पैसे. दोन्हींच्या प्रीमियममध्ये फरक थोडा असतो.

शिवाय प्रत्येक क्लेममधले पहिले काही डॉलर तुमचे असतात, त्याला डिडक्टिबल म्हणतात. सहसा पाचशे किंवा हजार. विद्यार्थ्याने पाचशेचं घ्यावं असं माझं मत. नऊशे डॉलरचा लॅपटॉप चोरीला गेला तर तुम्हाला चारशे मिळतील. दारातून साठ डॉलरचं पार्सल कुणी उचललं तर काही मिळणार नाही, आणि अशासाठी क्लेम करूही नका. तुम्ही केलेल्या क्लेमची नोंद सात वर्षांपर्यंत विमा कंपन्यांना दिसू शकते आणि पुढचा प्रीमियम त्यावरून वाढू शकतो.

हा विमा फक्त चार भिंतींत नसतो. लायब्ररीत टेबलावरून लॅपटॉप गेला, मित्राच्या गाडीची काच फोडून मागच्या सीटवरची बॅग नेली, तरी भरपाई रेंटर्स पॉलिसीतूनच मिळते. गाडीचा विमा गाडीची काच देतो, आतली बॅग देत नाही. सॅन फ्रान्सिस्कोला फिरायला जाल तेव्हा हे आठवा. चोरी झाली की आधी पोलिसांत तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर घ्या. नंतर खरेदीची पावती लागेल. भारतात घेतलेल्या लॅपटॉपचं जीएसटीचं बिल निघण्याआधी फोटो काढून ईमेलवर ठेवा, बॉक्सवरच्या सीरियल नंबरचाही. राहायला गेलात की फोन घेऊन सगळ्या खोल्यांतून एकदा फिरा, कपाटं उघडून व्हिडिओ काढा. तीन मिनिटं लागतात.

सोन्याबद्दल तुमच्या आयांना सांगते. चोरीला गेलेल्या दागिन्यांसाठी या पॉलिसीत वेगळी, खूप छोटी मर्यादा असते, पुष्कळदा दीड हजार डॉलर. रोख रकमेची तर दोनशेच्या आसपास. पोरीच्या गळ्यातली चेन ठीक आहे, पण बांगड्या आणि पाटल्या लॉकरमध्येच राहू द्या.

आता पाण्याचं, आणि हे मी सांगलीची म्हणून जास्त कळकळीने लिहिते. २००५ च्या पुरात माझ्या बाबांच्या दुकानात कमरेएवढं पाणी होतं. २०१९ च्या ऑगस्टात त्याहून वर गेलं. पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे कृष्णा येते. रेंटर्स पॉलिसीच्या कागदावर पाण्याने झालेलं नुकसान असे शब्द दिसले की आपल्याला वाटतं, पूर आला तरी पैसे मिळतील. तसं नाही. मी माझ्या भाच्याला ढोबळमानाने असं समजावलं: वरून आलेलं पाणी विम्यात, खालून चढलेलं पाणी विम्यात नाही. भिंतीतला पाइप फुटला, वरच्या घराचा नळ वाहिला, आग विझवायचा छतातला स्प्रिंकलर सुटला, तर भरपाई मिळते. नदी, नाला, समुद्र, रस्त्यावरून शिरलेलं पावसाचं पाणी, याला मिळत नाही. २०१७ च्या ऑगस्टात हार्वे वादळाने ह्युस्टन बुडवलं, १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमधली तळघरातली घरं काही तासांत भरली. दोन्ही भागांत आपली मुलं मोठ्या संख्येने राहतात. तिथे जाणार असाल तर पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पूर विमा योजनेत भाडेकरूलाही नुसत्या सामानासाठी तो मिळतो, एक लाख डॉलरपर्यंत. पण तो सहसा तीस दिवसांनी लागू होतो. वादळाची बातमी टीव्हीवर दिसू लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आणि स्वस्त पडतं म्हणून तळघरात राहायला जाऊ नका. न्यूयॉर्कमध्ये त्या रात्री तळघरातल्या घरांत अकरा माणसं बुडून मेली. हा विम्याचा प्रश्न नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कॅलिफोर्नियाला जाणाऱ्यांसाठी तीच गोष्ट भूकंपाची. साध्या पॉलिसीत तो नाही, वेगळा घ्यावा लागतो.

थंड राज्यांत जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. डिसेंबरच्या सुट्टीत भारतात येताना बिल वाचावं म्हणून हीटर पूर्ण बंद करून येऊ नका. पाइपातलं पाणी गोठतं, पाइप फुटतो, आणि घर गरम ठेवण्याची काळजी तुम्ही घेतली नव्हती असं दिसलं तर कंपनी भरपाई नाकारू शकते. हीटर कमीवर ठेवा, बंद नको. हे फक्त बर्फाच्या राज्यांतच घडतं असंही नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्ससमध्ये वीज गेली, थंडी पडली आणि घरोघरी पाइप फुटले. ज्यांच्याकडे रेंटर्स पॉलिसी होती त्यांना ओल्या सामानाची भरपाई मागता आली, आणि घर राहण्याजोगं नव्हतं तितके दिवस दुसरीकडे राहण्याचा जास्तीचा खर्चही. हा राहण्याचा खर्चही पॉलिसीचाच भाग आहे. त्या रात्री खालच्या कोरियन कुटुंबाला हॉटेल मिळालं ते याच कलमाने.

इंटरनेटवर शोधाल तर एक सल्ला तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल: विद्यार्थ्यांना वेगळा विमा लागत नाही, आईवडिलांच्या घराच्या विम्यात ते येतात. तो अमेरिकन मुलांसाठी आहे. त्यांच्या पालकांचं तिथे घर असतं, त्या घराचा विमा असतो, आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या सामानाला त्यात थोडी जागा असते. तुमच्या आईवडिलांचं घर कोथरूडला किंवा विश्रामबागला आहे. विद्यापीठ सक्तीने जो आरोग्य विमा घ्यायला लावतं, तोही वेगळाच. तो तुमच्या अंगाचा आहे, घराचा नाही. आणि निघताना घेतलेल्या प्रवास विम्यातलं सामानाचं कलम प्रवासापुरतं.

रूममेटचं फार नीट समजून घ्या, कारण आपली मुलं इथेच पैसे वाचवायला जातात. चार जण राहतात, एक जण पॉलिसी काढतो, बाकीचे त्याला तीन-तीन डॉलर देतात. ज्याचं नाव पॉलिसीवर नाही त्याला काहीच मिळत नाही. रूममेट म्हणजे तुमचं कुटुंब नाही, कंपनी त्याला परका धरते. काही कंपन्या दोन रूममेटांची नावं एका पॉलिसीवर घालतात, पण मग त्याच्या क्लेमची नोंद तुमच्याही नावावर होते. माझं सांगणं, ज्याची त्याची वेगळी. आणि हॉलमध्ये पडदा लावून राहणारा पाचवा, ज्याचं नाव लीजवर नाही, तो सगळ्यात उघडा आहे. त्याला लीजवर घ्या, मग पॉलिसी. भाडं वाटून घेता, तर हेही वाटून घ्या.

हल्ली मोठी कॉम्प्लेक्सं एक लाखाची लायबिलिटी सक्तीची करतात. तुम्ही पॉलिसीचा पुरावा पोर्टलवर चढवला नाही तर ते आपल्याच एका योजनेत तुम्हाला घालतात आणि दरमहा भाड्यात दहा-पंधरा डॉलर लागून येतात. मुलांना वाटतं विमा झाला. त्यातल्या बऱ्याच योजना फक्त मालकाच्या नुकसानापुरत्या असतात. तुमचा लॅपटॉप, तुमचं हॉटेल, यातलं काहीही त्यात नसतं. जवळपास तेवढ्याच पैशांत बाहेर पूर्ण पॉलिसी मिळते. ती घेऊन मालकाचं नाव त्यात ‘ॲडिशनल इंटरेस्ट’ म्हणून घाला, म्हणजे पुरावा त्यांच्याकडे जातो.

घ्यायला वेळ लागत नाही. ऑनलाइन पंधरा मिनिटं. सोशल सिक्युरिटी नंबर अजून आलेला नसला तरी सहसा अडत नाही. पॉलिसीची तारीख लीजच्या पहिल्या दिवसाची ठेवा, किल्ली मिळाल्यानंतरच्या आठवड्याची नको. पुढच्या वर्षी घर बदललंत की पत्ता बदलायला विसरू नका. विद्यापीठांच्या पुष्कळ गावांत जुनी लीज जुलैअखेर संपते आणि नवी ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते. मधले पंधरा दिवस सगळं सामान कुणाच्या तरी हॉलमध्ये नाहीतर भाड्याच्या गोदामात पडलेलं असतं. त्या काळासाठी पॉलिसी चालू ठेवा आणि गोदामातल्या सामानाला किती मर्यादा आहे ते कंपनीला फोन करून विचारा.

ज्यांची भावंडं पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून शिकतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. १ एप्रिल २०२१ पासून भारतात भारत गृह रक्षा नावाची सगळीकडे सारखी असलेली पॉलिसी मिळते. भाडेकरू ती नुसत्या सामानासाठी घेऊ शकतो आणि तिच्यात पूर येतो. साधी घरफोडी मात्र येत नाही, ती वेगळी जोडून घ्यावी लागते. सिंहगड रोडला नदीकाठच्या सोसायट्यांत जुलै २०२४ मध्ये काय झालं ते त्यांनी पाहिलेलंच आहे.

सीनियरांनो, विद्यार्थी संघटना चालवणाऱ्यांनो, आणि महाराष्ट्र मंडळातल्या काका-काकूंनो, तुमच्याकडेही मागणं आहे. ऑगस्टात तुम्ही विमानतळावर गाड्या पाठवता, गणपतीला नव्या मुलांना बोलावून पोटभर जेवायला घालता. त्याच पंगतीनंतर कुणीतरी उभं राहून पाच मिनिटं हे सांगा. एखाद्याच्या फोनवर तिथेच पॉलिसी काढून दाखवा. आमच्या त्या सतरा दिवसांत ज्या काकूंनी तळघर दिलं, त्या पुढच्या वर्षीपासून दर गणपतीला आरती झाली की नव्या मुलांना विचारायच्या, विमा काढलास का रे? ज्याने काढला नसेल त्याला मोदक हातात देऊन लॅपटॉपसमोर बसवायच्या.

आणि तुम्ही, मुलांनो, पॉलिसीचं पहिलं पान आलं, त्याला तिथे डेक्लरेशन पेज म्हणतात, की त्यावर तुमचं नाव आणि अपार्टमेंटचा नंबर बरोबर आहे ना ते पाहा. मग ते घरच्या ग्रुपवर टाका. बाबा विचारतील हे काय आहे. त्यांना फोन करा आणि समजावून सांगा. स्टोव्ह बंद करून.

तुमची,
सांगलीची एक ताई